घरातली तेले : गुण किती, भरवसा किती

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला घरात उपयोगी पडेल असे काही बोला, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. माझे सारे नोकरीचे आयुष्य एका रुग्णालयात औषधे देण्याच्या खिडकीमागे गेले. व्याख्यानाची विद्या माझ्याजवळ नाही. पण त्या खिडकीशी येणाऱ्या बायका गोळ्यांविषयी एक प्रश्न विचारीत, तर घरातल्या तेलांविषयी चार. "बाई, गुडघ्याला तिळाचे लावू की उंडीचे?" "दाताला लवंगेचे तेल चालेल का?" "बाळाच्या छातीला कापूर घालून खोबरेल चोळले तर?" त्या प्रश्नांची उत्तरे आज एकत्र सांगावी, असे मनात आले.

या बाबतीत आपल्यात दोन पक्ष दिसतात. एक म्हणतो, तेल हे निसर्गाचे देणे, त्याने अपाय व्हायचाच नाही. दुसरा म्हणतो, हे सारे जुन्या बायकांचे खूळ, तेलाने काही होत नाही. मला दोन्ही पक्ष मान्य नाहीत. आपल्या कित्येक तेलांत दाह कमी करणारी द्रव्ये खरोखरच आहेत, आणि त्यांतली काही तर आपल्या गोळ्यांच्या सख्ख्या बहिणी आहेत. म्हणूनच त्यांना गोळ्यांइतकाच मान दिला पाहिजे. ज्याला गुण आहे, त्याला मात्राही आहे. माझे सगळे सांगणे या एका वाक्यात आले. आता त्याचा विस्तार करते.

प्रथम दाह म्हणजे काय ते पाहू. विळीवर बोट कापले, किंवा उकळत्या भांड्याची वाफ लागली, की ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकते. ही चार लक्षणे रोमन ग्रंथकार सेल्सस याने पहिल्या शतकातच लिहून ठेवली आहेत. हा दाह मुळात शत्रू नव्हे. इजा झालेल्या जागी शरीर जादा रक्त आणि संरक्षक पेशी धाडते, त्याचीच ही खूण. काम झाले की दाह ओसरतो. पण संधिवातासारख्या दुखण्यात तो ओसरतच नाही. घरदुरुस्तीला बोलावलेले गवंडी काम संपल्यावरही मुक्काम ठोकून बसावेत, तशी स्थिती होते.

हा दाह पेटतो कसा? आपल्या पेशींच्या आवरणात स्निग्ध द्रव्ये असतात. इजा झाली की त्यांतून अ‍ॅराकिडोनिक आम्ल नावाचे द्रव्य सुटते. एक एन्झाइम त्याच्यापासून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होण्याची सुरुवात करून देते, आणि ती सूज व वेदना वाढवतात. या एन्झाइमचे नाव लांबलचक आहे, सायक्लोऑक्सिजनेज. डॉक्टरमंडळी त्याला नुसते 'कॉक्स' म्हणतात, आपणही तसेच म्हणू. अ‍ॅस्पिरिनची गोळी १८९९ पासून त्या नावाने जगाला ठाऊक आहे, पण ती काम कसे करते हे पुढे सत्तर वर्षे कोणाला उमगले नव्हते. १९७१ साली लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी दाखवून दिले की ती प्रोस्टाग्लँडिन तयार होणेच रोखते. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

आता तेलांकडे वळू. पहिले उदाहरण आपल्या घरातले नाही, परंतु त्याच्यासारखा स्वच्छ पुरावा दुसरा नाही, म्हणून ते आधी सांगते. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे मोनेल ही चव आणि वास यांचा अभ्यास करणारी संस्था आहे. तेथील गॅरी बोशँप हे आयबुप्रोफेन या वेदनाशामक औषधाच्या चवीवर काम करीत होते. ते औषध पातळ स्वरूपात गिळले की घशात एका विशिष्ट जागी झोंबते. पुढे इटलीत सिसिली बेटावर त्यांनी ताजे काढलेले ऑलिव्हचे तेल चाखले, आणि घशात नेमकी तीच झोंब जाणवली. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेलातले ते झोंबणारे द्रव्य वेगळे काढले, त्याला ओलिओकँथाल असे नाव दिले, आणि ते कॉक्सला अडवते हे दाखवले. २००५ साली 'नेचर' या नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले.

भगिनींनो, या गोष्टीचा दुसरा भाग पहिल्याहून महत्त्वाचा आहे. त्याच संशोधकांनी हिशेबही मांडला. रोज ५० ग्रॅम तेल पोटात गेले, तर त्यातून मोठ्या माणसाच्या आयबुप्रोफेनच्या मात्रेचा सुमारे दहावा हिस्सा मिळतो. ५० ग्रॅम म्हणजे तीन-साडेतीन मोठे चमचे. तेव्हा गुण आहे, पण तो थोडा आहे. वर्षानुवर्षांच्या जेवणात त्याचा लाभ होत असेल, आज सुजलेल्या गुडघ्याला तो पुरायचा नाही. आणि हे द्रव्य घाण्यातून काढलेल्या कच्च्या तेलात असते. तेल शुद्ध करून पांढरेफटक केले की ते बहुतेक निघून जाते. महागाईच्या दिवसांत कोणी ऑलिव्हच्या बाटलीमागे धावावे म्हणून मी हे सांगत नाही. मोजमाप कसे करावे, याचा नमुना म्हणून सांगते.

आपल्या तिळाच्या तेलातही असे एक द्रव्य आहे, सेसमिन. १९९१ साली जपानमधील क्योतो विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रसिद्ध केले की, ज्या क्रियेने अ‍ॅराकिडोनिक आम्ल बनते तिलाच सेसमिन अडथळा करते. म्हणजे ऑलिव्हचे द्रव्य चुलीवरची आच कमी करते, तर तिळाचे द्रव्य सरपणच कमी आणते. मात्र हे काम प्रयोगशाळेतले आहे. प्रयोगशाळेतली बशी आणि आपल्या सासूबाईंचा गुडघा यांत पुष्कळ अंतर असते. तिळाच्या तेलाने अंग चोळले की बरे वाटते, यात शंका नाही. पण त्यातला किती वाटा तेलाचा, किती कोमट उबेचा आणि किती चोळणाऱ्या हातांचा, हे वेगळे काढणे कठीण आहे. दिवसभर कोणी जवळ न बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या पायांना सुनेचा किंवा नातीचा हात लागला, तर तोही उपचारच आहे. त्याला कमी लेखू नये.

जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. मासळीच्या तेलात ज्या जातीची दाहशामक स्निग्ध आम्ले असतात, त्याच कुळातले हे आम्ल. आपले शरीर त्याचे मासळीतल्या आम्लांत रूपांतर करते, पण फार थोड्या प्रमाणात. म्हणून जवस म्हणजे संधिवातावर औषध असे म्हणता येत नाही. चांगले अन्न मात्र नक्कीच म्हणता येते. हे तेल हवेने आणि उन्हाने लवकर खवट होते. तेव्हा बाटली भरून ठेवण्यापेक्षा विदर्भ-मराठवाड्यातल्या आपल्या बहिणी करतात तशी जवसाची चटणी थोडी थोडी करून खावी, हे शहाणपणाचे.

कोकणात उंडीचे तेल पूर्वी दिव्यात जळे आणि सांधेदुखीवरही चोळले जाई. या उंडीच्या बियांत कॅलोफिलोलाइड नावाचे द्रव्य सापडते. प्राण्यांवरील प्रयोगांत ते दाह कमी करते, असे भारतीय संशोधकांनी १९८० साली प्रसिद्ध केले. तेव्हा कोकणातल्या आजीचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. पण हे तेल बाहेरून लावण्याचे आहे, खाण्याचे नव्हे.

खोबरेलाविषयी एक चांगली माहिती आहे. फिलिपिन्समध्ये ११७ मुलांवर एक चाचणी झाली. या मुलांना त्वचा कोरडी पडून खाज व लाली येण्याचा विकार होता. निम्म्यांना ताज्या नारळाचे न तापवता काढलेले तेल आणि निम्म्यांना खनिज तेल असे आठ आठवडे लावले. खोबरेल लावलेल्या मुलांची त्वचा अधिक सुधारली. हे २०१४ साली प्रसिद्ध झाले. सूर्यफुलाच्या तेलाने तर याहून मोठे काम केले आहे. ढाक्याच्या शिशु रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या अंगाला ते हलक्या हाताने लावले, तेव्हा रुग्णालयात होणाऱ्या जंतुसंसर्गाचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी झाले. हे २००५ चे काम. त्वचा ही बाळाची पहिली भिंत, आणि ती भिंत तेलाने मजबूत झाली. अशा बाळांना मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरी काही लावू नये.

इथपर्यंत ज्यांविषयी बोलले, ती बियांची किंवा फळांची जड तेले. दुसरा वर्ग उडून जाणाऱ्या, उग्र वासाच्या तेलांचा : लवंग, निलगिरी, विंटरग्रीन. कापूर घन असला तरी त्याच घराण्यातला. यांच्यात गुण जबर आहे, आणि म्हणून धोकाही.

लवंगेच्या तेलात बहुतांश युजेनॉल असते. ते कॉक्सलाही रोखते आणि जागा बधिरही करते. दाताचे डॉक्टर ते झिंक ऑक्साइडमध्ये कालवून तात्पुरते भरण करतात. दात ठणकला तर कापसावर एक थेंब घेऊन तो दातावरच टेकवावा; नुसते तेल हिरडीला लागले तर भाजते. आणि ठणका थांबला म्हणजे कीड गेली असे नव्हे. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जावेच. लहान मुलांनी हे तेल प्यायल्यामुळे यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

निलगिरीच्या तेलातल्या सिनिओल या द्रव्यावर जर्मनीत बॉन येथे एक नामांकित चाचणी झाली. तीव्र दम्यामुळे ज्यांना स्टिरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागत होत्या, अशा ३२ रुग्णांपैकी काहींना शुद्ध सिनिओल २०० मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, असे बारा आठवडे दिले. इतरांना नुसत्या दिखाऊ कॅप्सूल. सिनिओल घेणाऱ्यांची स्टिरॉइडची गरज सरासरी ३६ टक्क्यांनी घटली, इतरांची ७ टक्क्यांनी. हे २००३ साली प्रसिद्ध झाले. केवढा हा गुण! पण तेथे द्रव्य शुद्ध होते, मात्रा मोजलेली होती आणि डॉक्टर समोर होते. आपल्या फडताळातल्या बाटलीतले तेल लहान मुलाने घोटभर प्यायले, तर गुंगी आणि झटके येऊ शकतात. कापराचेही तसेच. अमेरिकेत १९८३ पासून लावायच्या औषधांत कापूर ११ टक्क्यांहून अधिक घालता येत नाही, तो मुलांना आलेल्या झटक्यांमुळेच. आपण मात्र खोबरेलात अंदाजाने वडीच्या वडी विरघळवतो. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला कापूर लावूच नये.

आता विंटरग्रीन, ज्याला काही दुकानांत गंधपुरा तेल म्हणतात. त्यात जवळजवळ सगळेच मिथाइल सॅलिसिलेट असते. म्हणजे अ‍ॅस्पिरिनचे भावंड. दुखण्यावर चोळायच्या कित्येक बामांत हेच द्रव्य असते, आणि मुरगळलेल्या पायाला त्याने आराम पडतो. पण निव्वळ तेलाच्या एका लहान चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, सुमारे ७ ग्रॅम सॅलिसिलेट असते. ३२५ मिलिग्रॅमच्या एकवीस-बावीस अ‍ॅस्पिरिन गोळ्या एकदम गिळल्यासारखे ते होते.

हा हिशेब मी पुस्तकात वाचला होता, पण त्याचा अर्थ मला एका दुपारी कळला. एक बाई अडीच वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन धावत आली. खोकल्याचे औषध आणि सांधेदुखीचे तेल एकाच फळीवर, एकसारख्या बाटल्यांत होते. गोड वासामुळे पोराने तेलाची बाटली तोंडाला लावली होती. तो ओकत होता आणि त्याचा श्वास भराभर चालला होता. त्या माउलीने एक फार मोठे काम केले होते : येताना ती बाटली बरोबर आणली होती. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली आणि क्षणाचाही वेळ न दवडता उपचार सुरू केले. चौथ्या दिवशी मूल आईचे बोट धरून चालत घरी गेले. बाटली नसती, तर पोटात काय गेले हे शोधण्यातच मोलाचा वेळ गेला असता.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवण्याची विनंती करते.

मुलाने असे तेल प्यायले तर बोटे घालून किंवा मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये; तेल फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. बाटली घ्यावी आणि तडक रुग्णालय गाठावे. केव्हा आणि अंदाजे किती प्यायले, ते सांगावे.

बाळाच्या नाकात तेल घालण्याची चाल सोडावी. तेल श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होतो. कडुनिंबाचे तेल बाळाला कधीही पाजू नये. १९८१ साली मलेशियातून बाळांच्या मेंदूवर व यकृतावर झालेल्या गंभीर परिणामांची माहिती प्रसिद्ध झाली आहे.

ज्यांना रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारख्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी विंटरग्रीनचा बाम डॉक्टरांना विचारूनच लावावा. तो कातडीतून आत जातो आणि रक्तस्राव वाढवू शकतो. बाम लावून वर गरम पाण्याची पिशवी कोणीच ठेवू नये, कातडी भाजते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली अशा बामांनी भाजल्याच्या घटनांबद्दल जाहीर सूचना दिली होती.

एकच सांधा एकाएकी लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला, तर तेल बाजूला ठेवावे. सांध्यात पू झालेला असू शकतो, आणि तेथे एकेक दिवस मोलाचा असतो.

आणि शेवटची गोष्ट आपल्या लेकी-सुनांसाठी. आपल्याकडे बाळंतिणीला चोळून न्हाऊ घालण्याची रीत आहे. रीत चांगली आहे, तिने थकल्या अंगाला विसावा मिळतो. पण बाळंतिणीची एकच पोटरी सुजली, दुखू लागली, हाताला गरम लागली, तर तो पाय मुळीच चोळू नये. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत पायाच्या खोल शिरेत रक्ताची गाठ होण्याचा संभव वाढलेला असतो. चोळण्याने ती सुटून फुफ्फुसात गेली, तर क्षणात जिवावर बेतते. "वारा धरला असेल, तेल लावून शेकू या," असे कोणी वडीलधारी म्हणाली, तरी तिचा मान राखून, पण ठामपणे, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. घरातल्या सुनेला हे बोलणे जड जाते, हे मला ठाऊक आहे. म्हणून सासूबाईंनीच हे ऐकून ठेवावे, अशी माझी त्यांना विनंती आहे. आज पुढच्या रांगेत त्या पुष्कळ बसल्या आहेत.

आपल्या आजी-पणजींनी तेलांचे गुण अनुभवाने हेरले. त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. आपल्याजवळ त्यांचा अनुभवही आहे आणि आजचे ज्ञानही आहे. दोन्ही हातांनी घर सांभाळावे. आज घरी गेल्यावर एवढेच करा : फडताळ उघडा, उग्र तेलांच्या बाटल्या पोटात घ्यायच्या औषधांपासून वेगळ्या काढा, प्रत्येकीवर ठळक अक्षरांत नाव लिहा, आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा उंच जागी कुलपात ठेवा. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्या बाटल्यांवर नावे लिहून देण्याचे काम मंडळाच्या मुलींनी एका रविवारी घ्यावे, असे मी अध्यक्षाबाईंना सुचवते.